खांद्याला कुणाचा हात

माझ्या लग्नाला आठ महिने झाले असतील, तेव्हा एका सकाळी सासूबाईंचा उजवा हात वर जायचा थांबला. थळच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. बोंबलांची पाटी भरून झाली होती. डोक्यावर चुंबळ ठेवून त्या वाकल्या, मी समोरून हात दिला, पाटी वर गेली, आणि तिला धरायला त्यांचा उजवा हात गेलाच नाही. पाटी कलंडली आणि बोंबील वाळूत सांडले.

मी घाईघाईने ओंजळीने भरू लागले. त्या म्हणाल्या, "राहू दे गो. धुवून घेऊ." पण स्वतः वाकल्या नाहीत. उजवं कोपर डाव्या हाताच्या तळव्यात धरून समुद्राकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. त्या बाईला रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

नंतर मला एकेक गोष्ट आठवू लागली. महिनाभर त्या विहिरीवर डाव्या हाताने दोर ओढत होत्या. अंबाडा सैल, एका बाजूला झुकलेला असायचा. उजव्या कुशीवर झोपत नव्हत्या. मी एका घरात राहून हे पाहत होते आणि मला काही कळलं नव्हतं. विचारायची सोयही नव्हती म्हणा. मी माहेरची नागावची. आम्ही जातीचे कोळीच, पण माझ्या वडिलांनी होडी सोडून नारळाच्या वाडीत राखणदारी धरली होती. त्यामुळे मला मासळी नीट साफ करता येत नव्हती, पाटी घेऊन अलिबागपर्यंत चालायची सवय नव्हती. सासूबाई मला टाकून बोलायच्या नाहीत, पण माझ्या हातातलं काम काढून घ्यायच्या. ते जास्त लागायचं.

हात आखडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात पसरली आणि प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला. शेवटी तीन नावं उरली. शेजारच्या गावातल्या तालमीचे वस्ताद, आमच्या गावची सुईण आणि अलिबागचे वैद्य. वस्ताद रगडतात, सुईण चोळते आणि वैद्य तेल जिरवायला सांगतात, असा फरक मला एका शेजारणीने समजावला. मला तिन्ही सारखीच वाटली होती.

माझ्या नवऱ्याचा विश्वास वस्तादांवर. त्याचं मनगट एकदा दोरात पिळवटलं होतं, ते वस्तादांनी एका बैठकीत सरळ केलं होतं. नवरा आईला म्हणाला, "आये, एकदा झटका दिला की मोकळं होतंय बघ."

"दे बाबा झटका," सासूबाई म्हणाल्या. "उद्या बाजार हाय."

वस्ताद आले. भला माणूस होता. ओसरीवर बसण्याआधी त्यांनी पाय धुतले, सासूबाईंना नमस्कार केला आणि "माऊली, दुखलं तर ओरडा, लाजू नका," असंही सांगितलं. तिळाचं तेल घेऊन त्यांनी अंगठ्याने खांद्याभोवती रगडायला सुरुवात केली. सासूबाईंनी दात आवळले. मग वस्तादांनी एक हात बगलेत घातला, दुसऱ्याने मनगट धरलं आणि हात एकदम वर ओढला. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांचं तोंड पांढरं पडलं आणि मान खांद्यावर कलली. मी पाणी घेऊन धावले. शुद्धीवर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मनगट असतं तर सुटलं असतं. हा खांदा हाय."

वस्ताद हात जोडून उभे राहिले. "माझी रीत याला चालणारी नाही," ते म्हणाले. आपली चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिला. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. नवरा होडीवर जाताना आईच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

सूज उतरल्यावर सुईण आली. गावातल्या निम्म्या पोरांना तिने पहिली आंघोळ घातलेली. आम्ही तिला काकी म्हणायचो. तिचा हात मोठा, मऊ आणि ऊबदार. ती खोबरेल कोमट करायची, सासूबाईंना चटईवर पालथं झोपवायची आणि मानेपासून कमरेपर्यंत लांब लांब हात फिरवत चोळायची. दुखऱ्या जागेवर ती लगेच जायचीच नाही. तोंडाने मात्र अखंड बोलायची. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या घरात वेगळी चूल मांडली, सगळं.

पहिल्या दिवशी सासूबाईंना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हात दोन बोटं वर गेला. तिसऱ्या दिवशी काकी पाठीवर तेल लावत असताना त्या एकदम उठून बसल्या, लुगडं सावरलं आणि म्हणाल्या, "पुरे झालं. उद्यापासून नको येऊस."

काकी गोंधळली. "माझं काय चुकलं गो?"

"काय न्हाय चुकलं. नको म्हणजे नको."

मला वाटलं, काकीच्या बडबडीला कंटाळल्या.

मग मी आणि सासूबाई अलिबागला वैद्यांकडे गेलो. पाटीशिवाय त्या रस्त्याने चालताना त्यांना चुकल्यासारखं होत होतं. रिकामा डावा हात सारखा डोक्याकडे जायचा. वैद्य म्हातारे होते. त्यांनी खांद्याला बोट लावलं नाही, फक्त हात कुठवर जातो ते पाहिलं. निर्गुंडीचं तेल दिलं. "हे रगडायचं नाही," ते म्हणाले. "हलक्या हाताने रोज जिरवायचं. मग निर्गुंडीच्या पाल्याचा शेक द्यायचा आणि हात जमेल तेवढाच हलवायचा. घाई केलीत तर खांदा अजून रुसेल."

"तेल कुणी लावायचं?" मी विचारलं.

वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरात दुसरं कोण आहे?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. परत येताना गावाजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुला जमंल?"

"जमेल, आई," मी म्हटलं. मला अजिबात खात्री नव्हती.

आणि नाहीच जमलं. पहिल्या दिवशी मी इतकी भ्यायले होते की बोटांची टोकंच फिरवत राहिले. "गुदगुल्या करतेस काय?" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जोर लावला, तर "खांदा हाय गो, टोप न्हाय घासायला." त्या हसल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र रडू कोसळलं. मासळी जमत नाही, पाटी जमत नाही, आता हेही नाही.

दुपारी पाणी आणायच्या निमित्ताने मी काकीकडे गेले. वाटलं होतं ती दारातूनच घालवून देईल. तिने माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हात गार हाय. आधी दोन्ही तळवे घास एकमेकांवर. गार हातानं कुणाला शिवू नकोस." मग ती जमिनीवर बसली, पाय लांब केला आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं. "शिक माझ्याच पायावर."

तिने दाखवलं ते असं. बोटांनी दाबायचं नाही, तळवा अंगाला पूर्ण चिकटवायचा. जोर हातातून नाही, आपल्या अंगाच्या वजनातून द्यायचा. एक हात उचलण्याआधी दुसरा टेकवायचा, म्हणजे माणसाला सोडून दिल्यासारखं वाटत नाही. दुखतं तिथे शेवटी जायचं. मी तिच्या पोटरीवर तसं करत गेले. थोड्या वेळाने लक्षात आलं, काकी गप्प झाली होती. एरवी जिचं तोंड क्षणभर मिटत नसे ती बाई भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. आयुष्यभर उकिडवं बसून त्या आलेल्या.

"काकी, दुखतंय का?"

"न्हाय गो," ती डोळे न उघडता म्हणाली. "सगळ्या गावाला तेल लावलं. माझ्या पायाला कुणाचा हात लागला न्हवता, म्हणून जरा गंमत वाटली."

मी सहा-सात दुपारी तिच्याकडे गेले. शिकून झाल्यावरही दोनदा गेले.

घरी आता नेम झाला. चूल आवरली की निर्गुंडीचं तेल वाटीत घेऊन वाटी गरम राखेवर ठेवायची, तळवे घासायचे, सासूबाईंच्या मागे बसायचं. आधी मान, मग पाठ, मग खांद्याच्या मागचं पातं, सर्वांत शेवटी खांदा. त्यांच्या डोक्याचे केस मध्यावर विरळ झाले होते, तिथे चुंबळीचा गोल घट्टा होता. पाठ मात्र लहान मुलीसारखी गोरी आणि नितळ होती. उन्हाने ती कधी पाहिलीच नव्हती.

आठवडाभराने एका दिवशी माझ्या हाताखाली ती पाठ हलू लागली. आधी वाटलं दुखतंय. मी थांबले.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज ओला होता.

मी हात चालू ठेवला. त्या रडत होत्या. मग त्याच बोलू लागल्या.

"हे जाऊन सोळा वर्षं झाली. काविळीनं गेले. त्यांची सवय होती, दर्यावरून आले की माझ्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, बाजार कसा झाला. तेवढंच. त्यानंतर पोरगं मांडीवर वाढलं, गळ्यात पडलं, पण पाठीला हात कुणाचा लागला न्हाय. त्या दिवशी सुईणीनं हात फिरवला आणि माझं रडू वर येऊ लागलं. तिच्यासमोर रडले असते तर दुपारपर्यंत अख्ख्या कोळीवाड्यात झालं असतं. म्हणून नको म्हटलं तिला."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू कुठं सांगतेस कुणाला," त्या म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं. "तुला तर धड तक्रार पण करता येत न्हाय."

हे मी त्या हयात असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

हात हळूहळू सुटला. पावसाळा गेला तेव्हा कानापर्यंत जात होता, शिमग्याच्या सुमारास डोक्यापर्यंत. पूर्ण सरळ वर तो पुढे कधीच गेला नाही. त्या पुन्हा बाजाराला जाऊ लागल्या, पण अर्धी पाटी घेऊन. उरलेली अर्धी माझ्या डोक्यावर. चालता चालता त्या मला भाव कसा सांगायचा, कुठल्या बाईला कधी नाही म्हणायचं, हे शिकवत गेल्या. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की असा धरलेला खांदा कधी कधी वर्ष-दीड वर्षात आपला आपण सुटतो, काही नाही केलं तरी. असेल तसं. आमच्या तेलाने किती काम केलं ते मला ठाऊक नाही, आणि ते जाणून घ्यायची फारशी इच्छाही झाली नाही.

खांदा बरा झाल्यावरही नेम मोडला नाही. पुढे एकदा शेजारची बाई कंबर धरून दारात आली आणि म्हणाली, "तुमच्या सुनेचा हात चांगला हाय म्हणतात. जरा पाठवता काय?"

माझ्या हाताला कुणी चांगला म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. सासूबाई ओसरीवर सुकट निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं.

"पाठवते की. पण आधी माझं होऊ दे."

शेजारीण हसून उंबऱ्यावर बसली. मी वाटी राखेवर ठेवायला आत गेले.