एक दिवसाआडचा ताप

माझं माहेर शहापूरचं, सासर टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला. नव्वदच्या दशकातले ते दिवस. भातलावणी उरकली की आमच्या मागच्या पायरीपासून पाणीच पाणी असे. संध्याकाळी गुरं गोठ्यात आली की त्यांच्याबरोबर डासही आत शिरत. मी निखाऱ्यांवर निरगुडीचा ओला पाला टाकून घरभर धूर करी. धूर असेपर्यंत आमचे डोळे चुरचुरत आणि तो विरला की कानाशी गुणगुण सुरू होई.

त्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण. दोघींचे नवरे कल्याणला कामाला, सुट्टीपुरते घरी येणारे. घरात सासूबाई आणि आम्ही दोघी. डोळखांबकडे दिलेल्या माझ्या मावसबहिणीचं मूल हिवतापात पोटातच गेलं होतं. हे मी जावेला कधी सांगितलं नाही. पण ती अंगणात बसली की मी तिच्या पायांवर पदर टाकायची, दंडावर कडुनिंबाचं तेल चोळायची. ती हसायची. "ताई, मला काय लोणच्यात घालताय?"

आषाढात भिंतींवर डासांचं औषध मारणारे आले होते. सासूबाईंनी ओटीवर आणि गोठ्यात मारू दिलं. आत देव आहेत, भाताच्या कणग्या आहेत म्हणून माजघराला हात लावू दिला नाही. पुढे गौरी आल्या, तेव्हा ओटीच्या भिंतीही त्यांनी सारवून घेतल्या. भिंती छान दिसत होत्या. मला मात्र औषध शेणामातीखाली गेलेलं बघून धडकी भरत होती.

गौरी गेल्या आणि एका दुपारी जावेला थंडी वाजली. घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं तापलं आणि तिन्हीसांजेला घामाने भिजून ती निपचित झोपली. दुसऱ्या दिवशी उठून तिने स्वतः भाकऱ्या थापल्या.

"पावसात भिजली असंल," सासूबाई म्हणाल्या. "आता बरी हाय ना?"

एक दिवस मध्ये गेला आणि त्याच वेळेला परत थंडी आली. मला राहवेना.

"आई, मी हिला मुरबाडला दवाखान्यात नेते."

"एवढ्या पोटाची बाय, गाडीत हादरंल गो. उद्या तिला बरं वाटंल, बघ."

खरंच, दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं आणि मी गप्प बसले. पण त्याच्या पुढच्या सकाळी जाऊ चुलीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, कालपासनं बाळ हाललं नाय."

सासूबाईंनी ते ऐकलं. हातातलं सूप खाली ठेवलं, फडक्यात भाकर बांधली आणि छत्री घेतली. "चला, मी पण येते."

चिखलातून रस्त्यापर्यंत आलो. घाटाकडून येणारी एसटी भरलेली होती. कंडक्टरने एका माणसाला उठवून जावेला बसवलं. गाडीतच तिला थंडी भरली. मी तिच्या पोटावर हात ठेवला होता, पण गाडीच्या थरथरीत बाळाचं हलणं कसं कळावं? प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, हे बाळ होतं का, की नुसता धक्का?

दवाखान्यात बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं. नर्सबाईंनी पोटाला नळी लावून कान दिला. त्या नळी सरकवायच्या, परत कान लावायच्या. त्यांच्या तोंडाकडे बघत मी उभी होते. मला वाटलं, आता नाही म्हणून मान हलवतील.

"आहेत ठोके," त्या म्हणाल्या. "पण हिला ठेवून घ्यावं लागेल."

सासूबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या.

रक्तात हिवताप निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी घेतल्याबरोबर जाऊ भडाभडा ओकली. आता गोळी पोटात गेली की बाहेर आली, हे कोण सांगणार? परत दिली तर जास्त होईल, नाही दिली तर ताप राहील. मी पळत नर्सबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. "आधी पोटात काहीतरी घाला, मग मी परत देते." सासूबाईंनी कुठून तरी पेज मिळवली आणि लहान लेकराला भरवावी तशी चमच्याचमच्याने तिला भरवली. या वेळी गोळी राहिली.

थंडीचा दिवस परत आला, तेव्हा दुपारपासून आम्ही दोघी खाटेजवळून हललो नाही. जावेने कूस बदलली तरी मी वाकून बघायची. सासूबाई तिच्या हातांना सारखा हात लावून बघत होत्या. ऊन खिडकीवरून उतरलं. थंडी आली नाही. आणि मग, डाव्या कुशीवर झोपलेली जाऊ एकदम म्हणाली, "आई, हात द्या." तिने सासूबाईंचा हात पोटावर ठेवला. त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात काढला नाही.

घरी आल्यावर जाऊ मच्छरदाणीत झोपू लागली. आत तिचा जीव घुसमटायचा. मी खेळायला बसल्यासारखी तिच्याबरोबर आत बसे आणि डास राहिला नाही ना, ते कोपरे तपासून बघे. शिंक आली तरी तिच्या कपाळाला हात लावी.

दिवाळीनंतर मुलगी झाली. त्याच दवाखान्यात. वजन कमी होतं, पण रडणं सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं होतं. नर्सबाईंनी तिला गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तिला पदराखाली घेतलं, तिचे इवलेसे पायही झाकले आणि मला म्हणाल्या, "खिडकी लाव गो."

बाहेर अजून लख्ख ऊन होतं, डास यायला वेळ होता. मी खिडकी लावली.