काकवी खाणारी विहीर

कृष्णाबाईने चांगल्या मनाने विहिरीत टीसीएलची बादली उपडी केली आणि प्रणयची पावसाळ्यापासूनची मेहनत जागच्या जागी मारली.

तिची तरी काय चूक? विहिरीला वास आला की जंतू मारायला ही पांढरी पावडर टाकायची, हे काशीद गावामागच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या विहिरीचं दुखणं वेगळं. वरच्या बंद खाणीच्या गोदामातली सुरुंगाची दारू जमिनीत झिरपून पाण्यात उतरली, तेव्हा पिण्याला बंदी आली. घरोघरी नळ झाले. कृष्णाबाईच्या अंगणातली विहीर ओस पडली, आणि काठावर कळशा घासत सासवांना नावं ठेवणाऱ्या बायकाही गेल्या. मागे उरली एकटी कृष्णाबाई. पाणी निवळलं की त्या परत येतील, एवढ्या आशेवर ती प्रणयला चहा पाजायची.

प्रणय पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा. येऊन पाण्यात काकवी सोडायचा.

“मातीतले जंतू आहेत, आजी. काकवीवर वाढतात, पाण्यातली हवा संपवतात आणि मग दारूचे तुकडे पाडतात.”

“गोड घातल्याबिगर हात हलवत न्हाय? म्हंजे जावईच की!”

वास सुटला म्हणजे जावई कामाला लागले, हे सांगायचं मात्र तो विसरला होता.

“आजी, जावई मारलेत तुम्ही!” रिकामी बादली पाहून तो ओरडला.

“सगले?” तिचा चेहरा पडला.

“खोल मातीत असतील थोडे. पुन्हा जेवायला घालू.”

मग वास सुटला की कृष्णाबाई नाकाला पदर लावून खूश व्हायची. “जेवा रं, जेवा,” म्हणायची. दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच.

शिमग्याच्या सुमारास तपासणीत पाणी चांगलं निघालं. बंदी उठली. तिने काठ घासला, रहाटाला तेल घातलं आणि ती दाराच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी समोरची अमिषा आली. रिकाम्या हाताने.

“कळशी कुठं गो?”

“नळ हाय की दारात, काकू. आता पाणी कोण ओढतंय! माझा उसना दोर तेवढा द्या. बंदीच्या आधी नेलेला. कपडे वाळत घालायला हवाय.”

दोर कृष्णाबाईच्या पाठीमागेच खुंटीला लटकत होता. ती दारात जरा आडवी सरकली.

“कुठं ठेवला कोण जाणे. उद्या ये, शोधून ठेवते.”