गंजावरचा हिरवा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खंडेनवमीला घरच्या सायकलची पूजा व्हायची, म्हणून आदल्या दिवशी बाबांनी मला ताईची सायकल घासून रंगवायला सांगितली. मला घासायचा कंटाळा आला. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर गंज होता, त्यावरच मी हिरवा रंग फासला. पूजेत सायकल काय झळकत होती! महिन्याभरात उतारावर तो चिमटा तुटला आणि ताईचा पाय कायमचा अधू झाला. घासलं असतं, तर भेग दिसली असती.

काल माझी जुनी स्कूटर मिस्त्री खरवडत होता. रंगाचे पापुद्रे गळत होते आणि खालून तांबूस भुकटी सांडत होती.

"साहेब, कुणीतरी गंजावरच रंग मारलाय," तो हसला. "वरून नवरी, आतून चाळण!"

मला हसू आलं नाही. रंगाखाली गंज थांबत नाही, आतल्या आत खातच राहतो.

ताई अजून म्हणते, "माझंच चुकलं रे, खड्डा दिसला नाही मला." दरवेळी मी नुसती मान डोलावतो.

तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.