कर खातं बंद करायचं की नाही, याचं शेवटचं मत

"बंद करा" सव्वीस, "राहू द्या" सव्वीस आणि माझ्या हातात शेवटची चिठ्ठी. तिच्यावर "बंद करा"समोर नुसता २ लिहिलेला. दुसरी चौकट कोरी.

मी आयर्लंडमधल्या किलकेनीत टॅक्स अ‍ॅडव्हायजर आहे. म्हणजे लोकांची रिटर्न्स भरून देते आणि कर खात्याला घातलेल्या त्यांच्या शिव्या ऐकते. त्या शनिवारी सकाळी निवृत्तांच्या एका क्लबात माझं भाषण होतं. आवडलं, तर सगळ्या सभासदांचं काम आमच्याकडे येणार होतं. विषय माझाच. अमेरिकेतल्या एका राज्यात पूर्वी नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि राज्याचं कर खातंच बंद करावं का, हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणला, तो किस्सा. पण नुसतं सांगेन तर मी कसली! कॉलेजात नाटकं गाजवलेली बाई. बिस्किटांच्या डब्याला भोक पाडलं, चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, "होऊन जाऊ दे मतदान!"

माझा बॉस नोएल कानाशी कुजबुजला, "खातं बंद झालं तर यांना आपली गरज काय? तसं झालं, तर सोमवारी तुझ्याशी बोलतो."

एकाच चौकटीत फुली मारा, हे सांगायला मी विसरले. इथल्या निवडणुकीत उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. सवयीने सगळ्यांनी आकडेच टाकले. १ मोजून भागत होतं. ही एक चिठ्ठी अडली.

"बंद करणं ही दुसरी पसंती," म्हातारा पॅट म्हणाला. उभा जन्म मतमोजणीच्या टेबलांवर वाकून त्याने अंदाज बांधलेले. "म्हणजे पहिली राहू द्या. उघड आहे!"

"मनातलं मत मोजतात का, पॅट?" क्लबच्या अध्यक्ष ब्रीडा कडाडल्या. "चिठ्ठी बाद!"

"तुझा नवरा उभा होता तेव्हा तर तू मनातलीसुद्धा मोजायला लावलीस!"

पाऊण तास हेच. चहा गार. माझं भाषण तर कधीच वाहून गेलं. शेवटी नोएल लालबुंद होऊन उठला.

"माझी आहे ती. खातं राहावं असंच मला वाटतं. पण क्लायंटसमोर उघड बाजू कशाला घ्या, म्हणून पहिली पसंती लिहिली नाही."

"चिठ्ठीवर नाव नव्हतं रे, गड्या!" पॅट म्हणाला.

हॉल हसून कोसळला. ब्रीडाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ग्रँड! गुप्त मतदानातसुद्धा जपून वागणारा माणूस. आमची रिटर्न्स यालाच द्या."

चिठ्ठी बाद, सामना बरोबरीत, काम आमचं. सोमवारी नोएल माझ्याशी बोलला नाही.

हल्ली मी फुली कुठे मारायची ते आधी सांगते. त्या राज्यात खरा निकाल काय लागला, हे मात्र मला अजून एकानेही विचारलेलं नाही.