ओला दगड

हौसाचा नवरा महिपत दगड चाटायचा. संगमेश्वरात शास्त्री नदीच्या पात्रात उतरला की दिसेल तो खडा उचलायचा, जिभेवर टेकवायचा आणि निरखत बसायचा. हौसा लाजेने चूर.

"अवो, गुरासारके दगड काय चाटताव? लोक हसतत."

"हसूंदेत. सुका अकीक आनि मुका मानूस, कळनार कसा?"

तरुणपणी तो खंबायतला अकीकाचे रंगीत खडे घासून चकचकीत करायचा. काम सुटलं, खोड सुटली नाही. आयुष्यभर चाटून एकच खडा खरा अकीक निघाला. सुका असला की बटाट्यासारखा मळकट. ओला केला की पांढरे, राखी, तांबूस पट्टे वर यायचे, एकात एक, कुठेही एकमेकांना न ओलांडता. उन्हासमोर धरला की कडेतून उजेड झिरपायचा.

"काचेत बुडबुडे दिसतत, ह्यात नाय," महिपत सांगायचा. "कातळाच्या पोकळीत पानी मुरत ऱ्हायला, थरावर थर बसला, तवा ह्यो झाला."

महिपत गेला. हौसाने खडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. रोज तुळशीला घालून उरलेलं पाणी त्याच्यावर ओतायची. पट्टे वर आले की तिला वाटायचं, हे आले बाई घरी. ऊन चढलं की दगड सुकायचा आणि ती उद्याची वाट बघायची. वेडेपणाच तो; पण कोणाचं काय जात होतं?

गणपती झाले, डोंबिवलीची लेक राजश्री परत गेली आणि खडा दिसेना. हौसाने अंगण, परडं पालथं घातलं. शेजारच्या कोंबड्यांनाही शिव्या बसल्या. दगड हरवला म्हणून फोनवर रडायची मात्र तिला लाज वाटली.

दिवाळीत राजश्री डबी घेऊन आली. खडा कापून, झिलई करून लॉकेट केलं होतं. पट्टे लख्ख, तेही कोरड्यावर.

"बाबांची आठवण, आये. आता पाणी घालायला नको. कायम दिसतील."

"गुनाची गो माजी," हौसा म्हणाली. पोरीने एवढा जीव ओतलेला.

सकाळी तिने गुपचूप लॉकेटवर पाणी घातलं. होते तेच पट्टे, होते तसेच. वर यायचं कोणी राहिलंच नव्हतं. तिला महिपत गेला त्या दिवसासारखं रडू आलं.

लेक उठायच्या आत ती नदीवर उतरली. एक मळकट खडा उचलला आणि जन्मात पहिल्यांदा जिभेवर टेकवला. साधा काळा दगड निघाला. तिने दुसरा उचलला. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हसत होत्या.

हसूंदेत.