म्हशीची कास

फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडला ऑफिसात होते. दिव्याहून शेजारच्या वहिनी बोलत होत्या, "तुम्ही निघा. आई उठत नाहीयेत." निघाले, पण रिक्षा जी ट्रॅफिकमध्ये अडकली ती अडकलीच. घरी पोचले तोवर सगळं संपलेलं. सासूबाई चटईवर होत्या आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कागदाचा लगदा वाळून पांढरा पडला होता. बायकांनी तो पुसायला ओलं फडकं आणलं, तेव्हा मला रडू फुटलं. आता महिना उलटून गेलाय. सगळं रीतसर झालं, तरी मन एका जागी बसत नाही. म्हणून लिहिते आहे.

गावी कोकणात बायका जुन्या सुपा-टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपतात. कागद भिजवायचा, कुटायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची. सासूबाई दिव्याला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा इथे ना सूप ना टोपली, आणि दिवसभर घरात त्या एकट्या. रद्दीचा गठ्ठा मात्र वाढत होता. एक दिवस त्यांनी माझ्या लग्नातला तांब्या पालथा घातला आणि त्यावर लगदा थापून कोंबडी केली. थापता थापता तांब्याच्या गळ्याच्याही खाली गेल्या. वाळल्यावर तांब्या निघेना! त्यात पाहुणे आले. "तांब्या कुठाय?" मी विचारलं, तर म्हणतात, "कोंबडीच्या पोटात. अंडं घालेल तेव्हा मिळेल." कोंबडी फोडायला त्यांनी काही दिलं नाही. अजूनही तांब्या तिच्या पोटातच आहे.

मग नादच लागला. लग्नपत्रिका, अंड्यांचे ट्रे, टूथपेस्टचे खोके, लाइटची बिलं... घरातून काही बाहेर जाईना. बोकड झाला, मांजर झालं, बैलांची जोडी झाली. सोसायटीचं गेट रंगवून उरलेला रंग त्या वॉचमनकडून मागून आणायच्या. दिव्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. टँकरची वाट बघत बसायचं आणि घरात बादलीभर कागद भिजतोय, यावरून आमची चांगलीच जुंपली. त्या म्हणाल्या, "तुझ्या पाण्याला मी हात लावत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी माझं." तेव्हापासून आमच्या घरी भात जरा जास्तच शिजायला लागला.

मी माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची पहिली ग्रॅज्युएट. हे सांगायला मला लाज वाटत नाही. सासूबाई तर भाजीवालीलाही सांगायच्या, "सून बी.कॉम. आहे माझी." आणि घरी आल्या की मला, "गो, तुझी ती जाडी पुस्तकं पडून आहेत ना, दे. कागद चांगला भिजतो त्यांचा." मी कॉस्टिंगचं दिलं. ते आता एका बैलाच्या मानेत आहे आणि मान अजून ताठ आहे. सोसायटीतल्या बायका मागे लागल्या, "आजी, गणपती करा ना. सुंदर होईल." त्यांनी साफ नाही म्हटलं. "देव केला की त्याला पाण्यात सोडायला जावं लागतं. माझी ढोरं घरातच राहतील."

त्या गेल्या त्या दिवशी गॅलरीत शेवटचं काम वाळत होतं. मोठं, काळं, शिंगं मागे वळलेलं. डोळे काढायचे राहिलेले. कल्याणहून आलेल्या माझ्या मोठ्या नणंदेने, शोभाताईंनी, ते पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई, रेडा! यमाचं वाहन घरात करून ठेवलंन आईने!"

"रेडा नाही ताई, म्हैस आहे," मी म्हणाले.

माझे चुलत सासरे, नाना, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पोटाखाली बघू लागले. "मग कास कुठाय?"

"लावायची राहिली."

"राहिली कशी? म्हातारीला कळलं होतं. बोलावणं आलं होतं तिला." नाना कमरेवर हात ठेवून सरळ झाले. मग म्हणाले, "अर्धवट वस्तू घरात ठेवू नये. दहाव्याला खाडीवर जाऊच, तेव्हा सोडून देऊ."

"नाना, ज्या बाईने गणपती पाण्यात जायला नको म्हणून केला नाही, तिची म्हैस तुम्ही खाडीत सोडणार? शेवटी कासच लावतात. आधी लावली तर पालथं ठेवताना मोडते. मला माहितीये."

"शिकलेली सून. वाद कोण घालणार?" नाना पुटपुटले. पण म्हैस राहिली. दहाव्याला बाकी सगळं गेलं, ती गेली नाही.

आता खरं सांगते. मला काहीही माहीत नव्हतं. "या वेळी काय करताय?" असं मी विचारलं होतं, तर "बघशील" एवढंच म्हणाल्या होत्या. गावी त्यांच्या गोठ्यात म्हैस होती, एवढाच माझा आधार. डॉक्टर म्हणाले, दुखणं आधीपासून असणार, छातीत कळा येत असणार. आम्हाला त्या "पित्त झालंय" सांगून सोलकढी प्यायच्या. त्यांना कळलं होतं का? कळलं होतं तर बोलल्या का नाहीत? की बोलल्याच होत्या, त्या काळ्या धुडातून, आणि मी सगळ्यांसमोर त्यांचं बोलणं खोडून काढलं? ऑफिसात आकडे जुळवताना हेच डोक्यात येतं. उठते, पाणी पिते, परत बसते. म्हैस असेल तर बाई रोजच्यासारखी कामाला बसली होती. रेडा असेल तर ती आमच्या शेजारी बसून एकटीच निघायची तयारी करत होती.

न्हाणीघरात त्यांचं प्लास्टिकचं घमेलं आहे. त्यात थोडा लगदा उरलाय, एका कासेपुरता. कितीदा हात घातला, गोळा केला, पुन्हा सोडून दिला. एकदा कास लावली की प्रश्न मिटला, आणि तो मिटवायचा हक्क माझा आहे का, हेच कळत नाही. टाकवतही नाही. पाणी बदललं नाही तर लगदा आंबतो, म्हणून सकाळी भात लावताना तांदूळ धुते आणि ते पाणी घमेल्यात ओतते. काल माझा नवरा संदीप दारात उभा राहून बघत होता. आईच्या बाबतीत तो फारसं बोलत नाही.

"म्हैसच होती ना गं?" त्याने विचारलं.

"म्हैसच," मी म्हणाले, आणि जुनं पाणी ओतून टाकलं.