दुसऱ्याच्या कर्जात आमचं घर

बेलिफ आला तेव्हा सासूबाई ओट्यावर भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. तो त्यांना ओलांडून पुढे गेला, दाराला कागद चिकटवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. घर जप्त. विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही.

"काहून चिकटवून राहिला गा आमच्या दाराले?" सासूबाईंनी विचारलं.

"कोर्टाचा हुकूम आहे, आजी. मले नका विचारू."

मी मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर निघाले होते. हुकूम वाचला. त्यात आमचं नावच नव्हतं. ज्याच्याकडून आम्ही नागपुरातलं हुडकेश्वरचं हे घर विकत घेतलं, त्याने एका व्यापाऱ्याचे पैसे बुडवले होते. व्यापारी कोर्टात गेला. सरकारी नोंदीत अजून घर विकणाऱ्याचंच नाव होतं, म्हणून आमचं घर त्याचं समजून जप्त केलं. नाव बदलण्याचा अर्ज आम्ही खरेदी झाल्या झाल्या दिला होता. तो कचेरीत धूळ खात पडला होता, आणि दर वेळी आम्हाला एकच उत्तर मिळत होतं: साहेब नाहीत, नंतर या.

मी त्या विकणाऱ्याला फोन लावला. "कोर्टाचं असंच चालते, वहिनी. टेन्शन नका घेऊ," एवढं म्हणाला. त्यानंतर फोन बंद.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "त्या व्यापाऱ्याले काहीतरी देऊन मिटवून टाकू वं. कोर्टाच्या पायऱ्या कोण चढते?"

माझं डोकंच फिरलं. "घराची पूर्ण किंमत दिली आपण. आता त्याचं कर्जही आपणच फेडायचं? मग त्याच्या पोरीचं लग्नही आपणच लावून देऊ!"

तो अर्ध्या ताटावरून उठला. पुढचे कित्येक दिवस आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

मी गाठलेल्या वकीलबाई मात्र स्पष्ट बोलल्या. "तुमची नोंदणीकृत खरेदी जप्तीच्या आधीची आहे. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, राहताही तुम्हीच. त्याच्या कर्जापायी तुमचं घर जाऊ शकत नाही. पण कोर्टात हरकत तुम्हालाच घ्यावी लागेल. गप्प बसलात तर उद्या लिलाव होईल."

म्हणजे चोरी त्याची आणि धावपळ आमची. रजा माझ्या गेल्या, पगार माझा कापला गेला. आणि कोर्टात व्यापाऱ्याचा वकील उठून म्हणतो काय, तर ही खरेदी खोटी आहे; घर वाचवायला त्या माणसाने आम्हाला नुसतं नावाला उभं केलंय! मी जागची उठलेच. वकीलबाईंनी मनगट धरून खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला भर कोर्टात लबाड म्हटलं होतं, आणि मला ते ऐकून घ्यावं लागत होतं.

बाहेर व्हरांड्यात तो विकणारा भेटला. पान खात, इस्त्रीचा शर्ट घालून. हट्टाने सोबत आलेल्या सासूबाईंनी त्याची बाहीच धरली.

"वास्तूच्या जेवणाले माह्या हातच्या पुरणपोळ्या मागू मागू खाल्ल्या ना गा तू? तवा सांगाले काय जीभ झडली होती?"

"सोडा आजी, लोक पाहून राहिले."

"पाहू दे!"

लोक खरंच पाहत होते. मी सासूबाईंना आवरलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. खरेदी खरी, जप्तीच्या आधीची, जप्ती उठवली. न्यायाधीशांनी तो काही वाक्यांत वाचून दाखवला आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. माफी कोणी मागितली नाही. ना त्या वकिलाने, ना कचेरीने, ना त्या माणसाने.

घरी येताना नवऱ्याने मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबवली. "लेआउटमध्ये घरोघरी पेढे वाटू," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता.

"आपलंच घर आपलं आहे, याचे कसले पेढे?" मी म्हटलं. "चल घरी."

त्याने गाडी सुरू केली.